शब्दांची वाट पाहू नका, बोट पाहा

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील लेकराच्या कानावर दिवसभरात किती भाषा पडतात, याचा हिशेब मांडला तर नवल वाटेल. घरात आई आणि आजी मराठी बोलतात. अंगणवाडीत टीचरबाई तेलुगू बोलतात. शेजारच्या गुड्यावर गोंडी किंवा कोलामी, तांड्यावर लंबाडी, आणि आठवडी बाजारात हिंदी-उर्दू. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या मंडळांत तर सोयरेधायरे पैनगंगेपलीकडून ये-जा करीत असतात, आणि त्यांची बोली आणखी निराळी.

अशा मुलखात एखादे लेकरू दोन वर्षांचे होऊनही बोलेना, तर घरातली माणसे काय म्हणतात? "चार भाषांची खिचडी झाली, म्हणून उशीर होतोय." दुसरा म्हणतो, "त्याचा मामाबी चार वर्षांचा झाल्यावरच बोलला होता." तिसरा म्हणतो, "पोरगं आहे, पोरांना उशीरच लागतो." बोलणारी सगळी माणसे मायेचीच असतात. पण या मायेच्या बोलण्यात कधी कधी लेकराची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे चांगली बोलतात, हे खरे आहे. पण काही मुलांच्या न बोलण्यामागे स्वमग्नता असते, जिला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. ही दोन प्रकारची मुले ओळखायची कशी? त्यासाठी शब्दांची वाट पाहावी लागत नाही. शब्द येण्याच्या आधीच लेकरू बोटाने, नजरेने आणि हसण्याने बोलत असते, आणि ती भाषा मराठी, तेलुगू, गोंडी सगळ्यांची एकच आहे. ती कशी वाचावी आणि शंका आल्यास कोठे जावे, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांत असूनही एकटी असल्यासारखी वागत, आणि सारे काही रोज तसेच्या तसे असावे असा त्यांचा हट्ट असे. या अवस्थेला त्यांनी ऑटिझमचे नाव दिले. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द थोडा फसवा आहे. लेकरू मुद्दाम स्वतःत मग्न होत नाही. इतरांचे डोळे, चेहरा, आवाज यांतून अर्थ घेण्याची जी वाट आपल्या मेंदूत आपोआप तयार होते, ती त्याच्या मेंदूत वेगळ्या रीतीने घडलेली असते.

हा काही क्वचित आढळणारा प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. आपल्या देशात उत्तर गोवा आणि हैदराबाद धरून पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली होती. २०१८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ऐकणे, पाहणे, बोलणे, हालचाल, फेफरे, स्वमग्नता, बुद्धीची वाढ अशा नऊ गोष्टी त्यात पाहिल्या गेल्या. त्यांपैकी एक तरी अडचण असलेली मुले सुमारे आठात एक निघाली. याचा अर्थ आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक धर्मग्रामात अशी लेकरे आहेत. काहींना ओळखले गेले आहे, बाकीच्यांना आपण "मुका", "येडा", "हट्टी" अशी नावे ठेवून मोकळे झालो आहोत.

मुलग्यांत स्वमग्नता मुलींपेक्षा सुमारे तीन ते चार पट अधिक आढळते. पण मुलगी गप्प बसली तर "गुणाची आहे" म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही, आणि तिची ओळख आणखी उशिरा पटते. घरातले पहिले मूल स्वमग्न असेल तर धाकट्याकडे विशेष लक्ष द्यावे. अशा धाकट्या भावंडांत सुमारे पाचात एकाला स्वमग्नता आढळते.

कोणत्या वयात काय पाहावे?

शेतात आपण रोप पाहूनच सांगतो की हे नीट चालले आहे की याचे काही बिनसले आहे. लेकराकडेही तसेच, घाई न करता पण नियमाने पाहावे.

नऊ महिन्यांच्या सुमारास. नावाने हाक मारली तर लेकरू वळून पाहते का? आपण हसलो तर ते हसते का? तोंड झाकून "कुक" केले तर त्याला मजा वाटते का?

एक वर्षाच्या सुमारास. टाटा करते का? टाळ्या वाजवते का? उचलून घ्यावे म्हणून हात वर करते का? "बा-बा, दा-दा" असे आवाज काढते का?

दीड वर्षाच्या सुमारास. हे वय सर्वांत महत्त्वाचे. लेकरू तर्जनीने वस्तू दाखवते का? येथे थोडे बारकाईने पाहावे. बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत. एक मागण्यासाठी, जसे भाकरी हवी म्हणून टोपलीकडे बोट. दुसरा नुसते दाखवण्यासाठी. आभाळात चांदोमामा दिसला, रस्त्याने बैलबंडी गेली, झाडावर माकड बसले, की लेकरू बोट करते आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहते. "तू पाहिलंस का?" असे ते विचारत असते. त्याला काही नको असते, आपला आनंद फक्त वाटून घ्यायचा असतो. हा दुसरा प्रकार स्वमग्न लेकरात उशिरा येतो, फार कमी दिसतो किंवा दिसतच नाही. त्याला काही हवे असेल तर ते पुष्कळदा मोठ्या माणसाचे मनगट धरून ओढत नेते आणि त्याचा हात वस्तूवर ठेवते, पण तोंडाकडे पाहत नाही.

याच वयात आणखी एक पाहावे. आपण दूरच्या वस्तूकडे बोट केले तर लेकरू त्या वस्तूकडे पाहते, की आपल्या बोटाकडेच पाहत राहते? आणि ते नक्कल करते का? आईसारखे भाकरी थापण्याचे नाटक, आजोबांसारखी काठी टेकणे, बाहुलीला घास भरवणे, हे सारे दीड ते दोन वर्षांत सुरू व्हावे.

दोन वर्षांच्या सुमारास. "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडून ते स्वतःहून बोलते का? ऐकलेले वाक्य पोपटासारखे परत म्हणणे वेगळे आणि स्वतःहून बोलणे वेगळे.

कोणत्याही वयात. येत असलेले शब्द, हसणे किंवा टाटा करणे गेले, तर एक दिवसही थांबू नये. काही मुले दीड वर्षापर्यंत चार-दोन शब्द बोलतात आणि मग गप्प होतात. घरचे म्हणतात, तापानंतर गेले, दृष्ट लागली. कारण काहीही वाटो, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

याखेरीज काही वागणुकी लक्षात ठेवाव्यात. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाक तासन्‌तास फिरवणे. डबे, दगड, बिया एका ओळीत मांडणे आणि ओळ मोडली की आकांत करणे. हात पाखरासारखे फडफडवणे. पोळ्याच्या वाजंत्रीने किंवा कुकरच्या शिटीने कान दाबून घेणे. एकाच प्रकारचे अन्न खाणे. यांतले एखादे लक्षण पुष्कळ लेकरांत असते, त्याने घाबरू नये. पण अशी लक्षणे आणि बोट-नजर-हाक यांची उणीव एकत्र दिसली तर तपासणी करावी.

चाळणी म्हणजे निवाडा नव्हे

लहान मुलांची जी पहिली तपासणी करतात तिला चाळणी परीक्षा म्हणतात. नाव चांगले आहे. चाळणीवर जे राहिले ते सगळे खडेच असतात असे नाही. हाताने निवडून पाहावे लागते.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे सहज समजेल. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सापळा अळी मारण्यासाठी नसतो, पाहणीसाठी असतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की आपण सावध होतो, बोंडे फोडून पाहतो, आणि मग काय करायचे ते ठरवतो. सापळ्यात पतंग सापडला म्हणून कोणी पराटी उपटून टाकत नाही. आणि सापळाच लावला नाही तर बोंड वरून हिरवेगार दिसते आणि आत किडलेले निघते.

जगभर फार वापरात असलेल्या एका चाळणीत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आईबापांना २० साधे प्रश्न विचारतात. "तुम्ही बोट केले तर मूल तिकडे पाहते का?" "ते तुम्हाला दाखवायला वस्तू आणून देते का?" अशा प्रकारचे. काही उत्तरांवर शंका आली तर तेच प्रश्न उदाहरणे घेऊन पुन्हा विचारतात. अमेरिकेत सुमारे १६ हजार मुलांवर या पद्धतीची परीक्षा झाली आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. दोन्ही पायऱ्यांवर अडकलेल्या आणि पुढे पूर्ण तपासलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले स्वमग्न निघाली. उरलेल्यांचे काय? एकूण अडकलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के मुलांना बोलणे, बुद्धी, हालचाल यांपैकी काही ना काही मदतीची गरज होती. म्हणजे चाळणीवर राहिलेले लेकरू स्वमग्न आहेच असे नाही, पण त्याला सहसा काहीतरी मदत हवीच असते. म्हणून चाळणीचा निकाल ऐकून रडू नये, आणि तो खिशात घालून विसरूही नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कोणतीही चाळणी सगळी लेकरे पकडत नाही. आज पार पडलेल्या लेकराविषयी आईच्या मनात शंका कायम असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. रोज अंगावर वागवणाऱ्या आईची शंका हलकी समजू नये.

आपल्याकडे ही तपासणी कोण करते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्याची सुरुवात महाराष्ट्रात पालघर येथे झाली. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची फुकट तपासणी होते. जन्मजात व्यंग, पोषणाची उणीव, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत मिळून ३० अवस्था त्यात ठरवल्या होत्या, आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत यावे, अशी योजना आहे.

आता अडचण पाहा. पथक येते त्या दिवशी अंगणवाडीत लेकरू हजर पाहिजे. आपली लेकरे त्या दिवशी कोठे असतात? कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर झोळीत, किंवा मजुरीला गेलेल्या आईबापांबरोबर परमुलखात. शिवाय जे लेकरू फार रडते, कोणात मिसळत नाही, त्यालाच घरी ठेवण्याची आपली रीत आहे. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तेच तपासणीला नसते. म्हणून पथक कधी येणार, हे टीचरबाईंना किंवा आशाताईंना आधी विचारून ठेवावे आणि त्या दिवशी अशा लेकराला अवश्य न्यावे. एक दिवसाची वेचणी बुडेल, पण हा दिवस वर्षातून दोनदाच येतो. तो हुकला तर पुढच्या फेरीची वाट न पाहता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि तेथून पुढची चिठ्ठी घ्यावी. आदिलाबाद शहरात २००८ साली सुरू झालेले रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. बालरोगतज्ज्ञांना तेथे दाखवता येते.

गरोदर बाईला जी माता-बाल पत्रिका मिळते, ती लसीच्या तारखांपुरती नसते. कोणत्या महिन्यात लेकराने काय करावे याची चित्रे तिच्यात असतात. ती पत्रिका पेटीत घालून ठेवू नये. लसीच्या दिवशी नर्सबाईंना म्हणावे, "हे चित्रातले आमचं लेकरू करत नाही." तेवढे एक वाक्य पुरे आहे.

भाषेचा घोळ कसा सोडवावा?

येथे दोन उलट्या चुका होतात. पहिली चूक अशी. घरी मराठी बोलणारे तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीत तेलुगू प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि त्याच्या नावापुढे शेरा पडतो. हे लेकरू घरी आजीला गोष्ट सांगत असते, भावाशी भांडत असते. त्याला काही झालेले नाही. म्हणून तपासणीच्या वेळी घरचे कोणी तरी बरोबर असावे, प्रश्न घरच्या भाषेत विचारायला सांगावे, आणि "हे घरी किती शब्द बोलते, कोणत्या भाषेत बोलते" ते सर्व भाषा मिळून सांगावे. "पाणी" मराठीत आणि "पालु" तेलुगूत म्हणत असेल तर ते दोन शब्द धरावेत.

दुसरी चूक अधिक महागात पडते. सगळा दोष भाषांवर टाकून वाट पाहत बसणे. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने स्वमग्नता होत नाही. दोन भाषांच्या घरातले निरोगी लेकरूसुद्धा दीड वर्षाला बोट दाखवते, हाकेला वळते, आईच्या तोंडाकडे पाहून हसते. बोटाला भाषा लागत नाही. तेव्हा शब्द नाहीत पण बोट, नजर आणि नक्कल आहे, तर थोडा धीर धरण्यास जागा आहे, तरी तपासणी करावीच. आणि शब्दही नाहीत, बोटही नाही, हाकेला वळणेही नाही, तर धीर धरण्यास जागा नाही.

काही ठिकाणी पालकांना सांगतात की घरची भाषा सोडा, शाळेची एकच भाषा बोला. आईने ज्या भाषेत लाड केले, त्या भाषेत ती सहज बोलते, गाते, रागावते. ती भाषा काढून घेतली तर लेकराला मिळणारे बोलणेच कमी होते. स्वमग्न मुलेही दोन भाषा शिकू शकतात. घरात मराठी सोडू नये.

कान आधी तपासावेत

हाकेला न वळणारे लेकरू बहिरे असू शकते. पाठीमागे ताट वाजवले आणि दचकले, म्हणजे कान ठीक, असे समजू नये. मोठा आवाज ऐकणारे लेकरूही बोलण्याचे बारीक आवाज गमावत असते. कान फुटून वाहत असेल तर त्यानेही ऐकू कमी येते. म्हणून बोलण्याची शंका आली की पहिली मागणी कानाच्या तपासणीची करावी. बहिरेपणा निघाला तर त्याचा उपाय वेगळा आहे आणि तोही जितका लवकर तितका बरा.

दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. हे आम्ही ठासून लिहितो, कारण आपल्या घरांत याचा भार बहुधा सुनेवर येतो. "तू दिवसभर रानात राहतेस, लेकराकडे पाहत नाहीस, म्हणून असे झाले." पूर्वी पाश्चात्त्य देशांतही काही डॉक्टर आईच्या थंडपणाला दोष देत. तो विचार चुकीचा ठरून कित्येक दशके झाली. बर्नार्ड रिमलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ सालीच पुस्तक लिहून ही मेंदूच्या घडणीची बाब असल्याचे मांडले. आज आपल्याला ठाऊक आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे.

लसीमुळे स्वमग्नता होते ही अफवाही गावोगाव पोहोचली आहे. तिचे मूळ १९९८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या, अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखात आहे. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. २०१९ साली त्याचा निष्कर्ष आला की गोवराची लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळत नाही. गोवर मात्र लेकरू दगावू शकेल असा आजार आहे. तेव्हा लस चुकवू नये.

मोबाइलविषयीही सांगतो. मोबाइल पाहून स्वमग्नता झाली, असे सिद्ध झालेले नाही. पण मोबाइलपुढे बसलेल्या लेकराशी कोणी बोलत नाही आणि तेही कोणाकडे पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन वर्षांखालील लेकराला पडदा दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको.

ओळखल्यावर पुढे काय? गोव्याचा धडा

येथे पुष्कळ जण विचारतात, "या आजाराला औषध नाही म्हणतात, मग ओळखून करायचे काय?" प्रश्न रास्त आहे. नुसती चिठ्ठी देऊन घरी पाठवणारी तपासणी कामाची नाही. स्वमग्नता मुळापासून घालवणारी गोळी किंवा इंजेक्शन आज नाही. मंत्र, ताईत, महागडी पूरके, मूळपेशींची इंजेक्शने यांपैकी कशानेही ती जाते असे सिद्ध झालेले नाही. शेत विकून अशा मागे लागू नये. पण शिकवण्याने फरक पडतो, आणि तो लहान वयात अधिक पडतो.

याचे आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील संगत ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने विलायतेतल्या संशोधकांच्या साथीने गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात मोठे तज्ज्ञ घरोघर गेले नाहीत. स्थानिक साध्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. ते सहा महिन्यांत १२ वेळा आईबापांना भेटत. आई आणि लेकरू खेळत असताना चित्रफीत घेत आणि नंतर तीच दोघांनी बसून पाहत. "येथे पाहा, त्याने तुमच्याकडे पाहिले, पण तुम्ही तेवढ्यात दुसरी वस्तू दिली." अशा रीतीने आई स्वतःच शिके. परिणाम असा दिसला की आईबाप लेकराच्या कलाने अधिक वागू लागले आणि लेकरे स्वतःहून अधिक बोलावू, दाखवू, मागू लागली. स्वमग्नता गेली नाही, पण घरात येणेजाणे सुरू झाले.

यातले सूत्र आपल्या ओसरीवरही चालते. रोज पंधरा-वीस मिनिटे लेकरासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवावा. ते ज्याच्याशी खेळत असेल, तेच आपण घ्यावे. ते दगड मांडत असेल तर आपणही एक दगड मांडावा आणि म्हणावे, "दगड." ते काय करील याची वाट पाहावी. भाकरीचा एकच तुकडा द्यावा, दुसरा हातात धरून थांबावे. ते पाहील, हात पुढे करील, आवाज काढील, की लगेच "भाकर" म्हणून द्यावा. लांब वाक्ये नकोत, धाक नको, मार तर नकोच. तपासणीची तारीख लांब असली तरी हे आजपासून करता येते. लेकरू स्वमग्न नसले तरी याने त्याचे नुकसान होत नाही.

आपल्या राज्यातील सोयी

आपल्या राज्यात सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे. आज ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय मुलांसाठी स्वमग्नतेचे जे मोजमाप आहे, ते या संस्थेनेच तयार केले. त्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात, आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ते वापरतात. आदिलाबादहून सिकंदराबादला थेट रेल्वे जाते. जिल्ह्यात उत्तर मिळाले नाही, तर तेथे जाण्याची तयारी ठेवावी.

२०१६ च्या कायद्याने स्वमग्नता ही २१ दिव्यांगत्वांपैकी एक मानली आहे. ज्याला लोक सदरम म्हणतात त्या शिबिराद्वारे किंवा यूडीआयडी कार्डाच्या नव्या पद्धतीने दाखला मिळवावा. दाखल्यावर तेलंगणात पेन्शन मिळते. २०२३ साली दिव्यांगांसाठी ती महिना ४,०१६ रुपये करण्यात आली. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. शाळेच्या वयात मंडळाच्या ठिकाणचे भविता केंद्र पाहावे. विशेष गरजेच्या मुलांना शिकवणारे शिक्षक तेथे असतात. दाखला घेतल्याने पोराच्या कपाळावर शिक्का बसतो, या भीतीने पुष्कळ जण तो टाळतात. शिक्का शेजाऱ्यांनी केव्हाच मारलेला असतो. दाखला त्याच्या हक्काचा कागद आहे.

आपण सगळ्यांनी काय करावे?

रविवारी मिस्सात एखादे लेकरू कान दाबून ओरडते, बाकांमधून पळते. आपण मागे वळून आईकडे पाहतो. त्या नजरेने ती आई पुढच्या रविवारी मागे उभी राहते आणि त्याच्या पुढच्या रविवारी येत नाही. येथे आपल्याला खर्च नाही, तज्ज्ञ नको. तिला दाराजवळची जागा द्यावी, आवाजाचे यंत्र जरा हळू ठेवावे, आणि तिच्या लेकराला नावाने हाक मारावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात असे मूल आले तर त्याला परत पाठवू नये.

आणि आईबापांनी या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. घरात नऊ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे लेकरू असेल तर वर दिलेले प्रश्न घेऊन त्याच्याकडे दहा मिनिटे नीट पाहावे. संध्याकाळी अंगणात नेऊन आभाळाकडे, गोठ्याकडे बोट करावे आणि ते पाहते का, स्वतः दाखवते का, ते पाहावे. शंका वाटली तर येत्या लसीच्या दिवशी नर्सबाईंना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी मागावी. "मृग झाला की जाऊ, वेचणी झाली की जाऊ" असे म्हणू नये. पेरणीचा वाफसा निघून गेला की मागाहून कितीही पाणी दिले तरी तसे पीक येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लेकराच्या पहिल्या तीन-चार वर्षांचा वाफसाही तसाच असतो.